कात्री चुकते तेव्हा...

"अगं, गोळ्या खाऊन कंटाळा आला, पण हिमोग्लोबिन काही वाढतच नाही!" ही तक्रार आपल्यातल्या कितीतरी जणींची. 'नीट जेवत नसेल' असं म्हणून घरचे मोकळे होतात. पण मैत्रिणींनो, काही वेळा कारण ताटात नसतं, जनुकात असतं.

जनुक म्हणजे शरीराला लागणारं प्रथिन बनवायची कृती. पेशी तिची नक्कल काढते. मग त्यातले नको ते तुकडे कापायचे, हवे ते जोडायचे, अगदी कापड बेतून ब्लाऊज शिवावा तसं! जोडून तयार झालेली ही नक्कल म्हणजे 'संदेशवाहक आरएनए'. ही कापाकापी १९७७ मध्ये उजेडात आली. त्यासाठी फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना १९९३ चं नोबेल मिळालं. बेतणं बदललं की वस्तूही बदलते. एकच जनुक थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन हे हार्मोन देतं, तर मज्जापेशींत रक्तवाहिन्या रुंदावणारं वेगळंच रसायन.

पण कात्री चुकली तर? भारतात बीटा थॅलेसेमियाचा जो दोष सर्वात जास्त आढळतो, त्यात जनुकाचं एकच अक्षर बदललेलं असतं. तेही कापून टाकायच्या तुकड्यातलं! पण त्याने कापायची खूणच पुसट होते, कात्री भलतीकडे चालते आणि हिमोग्लोबिनचा एक भाग फारच कमी बनतो.

हा दोष आई किंवा वडील, एकाकडूनच आला तर 'थॅलेसेमिया मायनर'. माणूस एरवी ठणठणीत, हिमोग्लोबिन तेवढं जरा कमी. मात्र नवरा-बायको दोघंही मायनर असतील, तर दर गरोदरपणात बाळाला 'मेजर' होण्याची शक्यता २५ टक्के. अशा मुलाला बहुधा जन्मभर ठरावीक दिवसांनी रक्त चढवावं लागतं.

म्हणून लग्नाआधी, नाहीतर दिवस राहिल्याबरोबर, डॉक्टरांना 'हिमोग्लोबिन ए-टू'च्या चाचणीबद्दल विचारा. तुम्ही मायनर निघालात तर नवऱ्याचंही रक्त तपासायला हवं. दोघंही मायनर असाल तर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. मायनर असूनही लोह कमी असू शकतं.

आणि हो, असं बाळ जन्मलं की बोल सुनेलाच लावले जातात. पण मेजर व्हायला दोष दोन्हीकडून यावा लागतो. सासूबाईंनाही हे जरूर सांगा!