मोकळ्या बाइटांचा करार



संगणकाच्या स्मृतीत माहिती कशी मांडली जाते, हा विषय वरकरणी रुक्ष वाटेल. परंतु एका भाषेतील निरोप दुसऱ्या भाषेत अर्थासह कसा पोहोचावा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. म्हणून मी तो आपल्यापुढे ठेवीत आहे.

पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममधून ‘सी’ भाषेतील तयार फंक्शन वापरणे, ही आज नित्याची गोष्ट आहे. अशा वेळी पुष्कळदा संबंधित माहितीचा एक गठ्ठा, म्हणजेच ‘स्ट्रक्चर’, त्या फंक्शनकडे सोपविला जातो. समजा, त्यात विद्यार्थ्याचा क्रमांक ४ बाइटांचा आणि सरासरी गुणांची अपूर्णांकी संख्या ८ बाइटांची आहे. बेरीज १२ होते. तरीही ६४-बिट लिनक्स व विंडोज या दोहोंवर हा गठ्ठा १६ बाइट व्यापतो. ८ बाइटांची संख्या ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असली, की प्रोसेसरला ती सुलभतेने उचलता येते. म्हणून कंपायलर क्रमांकापुढे ४ बाइट मोकळे सोडतो.

३२-बिट इंटेल प्रोसेसरवर मात्र असे एकमत नाही. तेथे विंडोजच्या प्रथेने हाच गठ्ठा १६ बाइटांचा होतो, तर लिनक्सच्या प्रथेने ४ ने भाग जाणारा पत्ता पुरतो व गठ्ठा १२ बाइटांत मावतो. ‘सी’च्या १९८९ च्या प्रमाण व्याख्येने घटकांचा क्रम निश्चित केला, मधल्या मोकळ्या जागा मात्र कंपायलरवर सोपविल्या.

येथेच खरा धोका आहे. बाइटांवर नावाची चिठ्ठी नसते. पाठविणाऱ्याने गुण ८ बाइट सोडून ठेवले आणि घेणाऱ्याने ४ बाइट सोडून वाचले, तर मोकळ्या जागेतील निरर्थक बाइट व गुणांचा अर्धा भाग मिळून भलतीच संख्या तयार होते. प्रोग्रॅम तक्रार करीलच असे नाही. तो चुकीचे गुण निमूटपणे छापून मोकळा होतो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे करार स्पष्ट लिहिणे. ‘लाँग’ ही पूर्णांक संख्या ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटांची, तर विंडोजवर ४ बाइटांची असते. तेव्हा निश्चित आकाराचेच प्रकार योजावेत. ‘रस्ट’ भाषेत रचना ‘सी’प्रमाणे हवी असे सांगितले नाही, तर कंपायलर घटकांचा क्रमही बदलू शकतो. शेवटी, प्रत्येक घटकाचे स्थान व गठ्ठ्याचा एकूण आकार दोन्ही बाजूंनी ताडून पाहावा. जे गृहीत धरले जाते, तेच बहुधा निसटते, हे आपण ध्यानी ठेवावे, एवढीच माझी विनंती.