उकिरडा कोठे असावा?

खेड्यातील शेतकरी नवी विहीर खणण्यापूर्वी चार जाणत्या माणसांस विचारतो. पाणाड्यास बोलावतो, जमिनीचा उतार पाहतो, शेजारच्या विहिरीस किती परसांवर पाणी लागले याची चौकशी करतो. घरचा उकिरडाही तो विहिरीच्या वरच्या अंगास करीत नाही. पावसाचे पाणी उकिरड्यातून वाहत विहिरीत उतरेल, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु लाखो वस्तीच्या शहराचा उकिरडा कोठे करावयाचा असा प्रश्न आला, की प्रथम विचारले जाते ते हे की, रिकामी जागा कोठे आहे? नंतर विचारले जाते, ती स्वस्त पडेल काय? जमिनीखालचे पाणी कोणीकडे वाहते, ही चौकशी बहुधा शेवटी होते. आणि तीही विहिरी नासल्यावर. हा क्रम उलटा झाला पाहिजे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

कचऱ्याचा ढीग वरून कोरडा दिसला, तरी आत तो कुजत असतो. भाजीपाला, उष्टे अन्न यांतील पाणी आणि वरून पडणारा पाऊस ढिगातून पाझरतो, व वाटेत जे जे विरघळेल ते घेऊन तळाशी काळे, उग्र वासाचे पाणी होऊन उतरतो. तंत्रज्ञ त्यास ‘लीचेट’ म्हणतात. त्यात कुजलेले सेंद्रिय पदार्थ, अमोनिया व क्षार असतात. आणि कचऱ्यात जुने विद्युतघट, रंग वगैरे असल्यास शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही येतात. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. त्यामुळे हे पाणी एकदम मोठ्या प्रमाणात सुटते. कचरा टाकणे बंद केले, तरी जुना ढीग पुढे कित्येक वर्षे पाझरत राहतो.

हे पाणी पुढे कोठे जाते, हे जमिनीवर अवलंबून आहे. बारीक मातीचा जाड थर असेल, तर पाणी त्यातून सावकाश उतरते व काही अंशी गाळले जाते. परंतु महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते आणि वाहते ते वरच्या मुरमात व खालच्या भेगांत. भेगेतून जाणारे पाणी गाळले जात नाही. आणि ते किती दूर, कोणत्या दिशेस जाईल, याचा अंदाज वरून पाहून येत नाही. शिवाय विहिरीवर पंप चालू झाला, की भोवतालचे पाणी तिच्याकडे ओढले जाते. म्हणजे शेतकरी जितके अधिक पाणी उपसतो, तितके ते दूषित पाणी तो आपल्याच विहिरीकडे बोलावीत असतो. तेच क्षारयुक्त पाणी शेताला दिले, म्हणजे क्षार मातीत साठत जातात आणि हळूहळू जमिनीचा कस जातो.

या दृष्टीने पाहता सोडून दिलेली दगडखाण ही कचऱ्यास सोयीची जागा वाटते, तीच बहुधा सर्वांत धोक्याची असते. तेथे वरची माती व मुरूम आधीच काढलेला असतो, आणि सुरुंगांनी खडकाच्या भेगा मोकळ्या झालेल्या असतात. ‘खड्डा आहे, भरून टाकू’ असे म्हणणे, म्हणजे भूजलाच्या दारातच कचरा नेऊन टाकणे होय.

पुण्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. शहराचा कचरा पूर्वी कोथरूडच्या डेपोत जाई. वस्ती तेथवर पोचली, तसा तो डेपो बंद झाला आणि कचरा हडपसरच्या पलीकडे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारात जाऊ लागला. तेथे तो वर्षानुवर्षे उघड्यावर साचला. परिसरातील विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही, आणि ज्या गावांत विहिरी होत्या, तेथे टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. 2017 च्या एप्रिलमध्ये डेपोस आग लागली, तेव्हा ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या व शहरात ढीग साचले. त्याच वर्षी दोन्ही गावे महापालिकेत घेतली गेली. 2024 मध्ये त्यांची निराळी नगरपरिषद झाली. हद्दीच्या रेषा अशा बदलता येतात. नासलेली विहीर तितक्या सहज सुधारता येत नाही.

कायद्याने याचा विचार केलाच नाही असे नाही. केंद्र सरकारने 2016 साली केलेल्या नियमांत कचराभूमी नदीपासून 100 मीटर, आणि तलाव, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून 200 मीटर दूर असावी असे सांगितले होते. तळाशी 90 सेंटिमीटर घट्ट मातीचा थर व त्यावर 1.5 मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर घालावे, आणि भूजलाची सर्वोच्च पातळीही या थराच्या किमान 2 मीटर खाली असावी, अशीही अट होती. या अटी चांगल्या आहेत. पण मीटरची पट्टी सर्व जमिनींस सारखीच लागू पडत नाही. भेगाळ खडकात 200 मीटर म्हणजे फार मोठे अंतर नव्हे. शिवाय भूजलाची पातळी मे महिन्यात मोजली तर ती खोल दिसणारच. ती पावसाळा सरता सरता मोजली पाहिजे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवते. जागा ठरविण्यापूर्वी त्या पाहाव्यात, उताराच्या खालच्या अंगास किती विहिरी आहेत त्या मोजाव्यात, त्यांचे पाणी आधीच तपासून ठेवावे, आणि हे सर्व कागद ग्रामसभेपुढे ठेवावेत.

यावर कोणी म्हणेल, अशी बंधने घातली तर कचरा टाकण्यास जागाच उरणार नाही. आमचे उत्तर असे की, जागा कमी आहे हे खरेच आहे, आणि ते शहरास कळलेच पाहिजे. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. तो घरीच वेगळा काढून त्याचे खत केले, तर कचराभूमीत जाणारा भाग पुष्कळ घटतो, आणि काळ्या पाण्याचे मूळच आटते. दूरच्या गावची जमीन फुकट मिळते आहे असे वाटते, तोवर हे कष्ट कोणी घेत नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. आडात विष असेल, तर पोहऱ्यात तेच येणार. ज्या शेतातील भाजी शहराच्या मंडईत येते, त्याच शेताच्या आडाजवळ शहर आपला कचरा नेऊन टाकते. तेव्हा उरुळीच्या विहिरीची चिंता ही उरुळीकरांवर केलेली मेहेरबानी नव्हे. ती आपल्याच ताटाची चिंता आहे.