लंडन ते सिडनी, धुळे मार्गे

शोरूममधून घेतलेली चार दारांची गाडी हजारो मैल दामटायची आणि ती कुठं टिकते, कुठं मोडते हे चारचौघांसमोर पाहायचं, ही मोटार शर्यतीची मला मान्य असलेली व्याख्या. वर्षानुवर्षं मी ती लिहीत आलो आहे. पुण्या-मुंबईच्या काही जाणकारांना ती जुनाट वाटते. त्यांच्या लेखी शर्यत म्हणजे वेग, आणि गाडी म्हणजे रस्त्यावर कधीच न दिसणारं एक यंत्र. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे, या लेखानं तो मिटणार नाही. नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३६१ होण्याआधी ज्यानं केला आहे, पंधरा-सोळा माणसं भरलेल्या काळ्या-पिवळ्या जीपचे पाटे खड्ड्यात कसे वाजतात हे ज्यानं ऐकलं आहे, त्याला मात्र ही व्याख्या समजावून सांगावी लागत नाही.

या व्याख्येत एकेकाळी बसणारी जगातली सगळ्यात मोठी शर्यत ऑस्ट्रेलियात होते. सिडनीच्या पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर बाथर्स्ट नावाचं गाव आहे. तिथल्या माउंट पॅनोरमा डोंगरावर ६.२१३ किलोमीटरचा रस्ता आहे. तळापासून माथ्यापर्यंतचा चढ १७४ मीटरचा. एरवी हा सार्वजनिक रस्ता. कडेला घरं आहेत, ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे आणि लोक त्यावरून भाजी आणायला जातात. ऑक्टोबरमध्ये तो बंद करून त्यावर १६१ फेऱ्या, म्हणजे हजार किलोमीटर, गाड्या पळवतात.

या शर्यतीचा जन्म मात्र बाथर्स्टचा नाही. १९६० मध्ये फिलिप आयलंडला ‘आर्मस्ट्राँग ५००’ या नावानं ती सुरू झाली. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवणाऱ्या कंपनीनं पैसे घातले, यातच तिचा हेतू कळतो. पहिली जिंकली व्हॉक्सहॉल क्रेस्टा. १९६२ पर्यंत गाड्यांनी तो रस्ता इतका उखडला की पुढच्या वर्षी शर्यतच उचलून बाथर्स्टला न्यावी लागली. गाड्या टिकल्या आणि रस्ता हरला, असं मराठवाड्याबाहेरही घडतं हे वाचून मला फार समाधान वाटलं होतं. १९६३ ला हॅरी फर्थ आणि बॉब जेन कॉर्टिना जीटीवर जिंकले. १९६६ ला चिमुकल्या मिनी कूपर एसनी पहिले नऊ क्रमांक घेतले. १९६७ ला पुन्हा फर्थ, या वेळी फ्रेड गिब्सनबरोबर आणि फोर्ड फाल्कन जीटीवर. हॅरी फर्थ हे नाव लक्षात ठेवा. हा माणूस १९६८ च्या डिसेंबरात धुळ्यावरून गेला आहे.

आता मला जे खरोखर सांगायचं आहे त्याकडे येतो.

१९६८ च्या ‘लंडन ते सिडनी मॅरेथॉन’ या मोटार शर्यतीवर इंग्रजीत पुस्तकं आहेत, जुन्या चित्रफिती आहेत. त्यांत अफगाणिस्तानचा लाताबंद घाट पानंच्या पानं येतो, ऑस्ट्रेलियाचं माळरान येतं, आणि दिल्ली ते मुंबई हा टप्पा दोन-चार ओळींत उरकतात: गर्दी, गाई, धूळ. मराठीत तर कुणी तेवढंही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. ऑस्ट्रेलियात संपलेली सर्वांत खडतर मोटार शर्यत शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, इगतपुरी करत मुंबईला पोचली होती, ही आपल्याकडची गोष्ट आहे आणि ती आपण सोडून दिली.

कल्पना ‘डेली एक्स्प्रेस’च्या सर मॅक्स एटकेन यांची. १९६७ च्या अखेरीस पौंडाचं अवमूल्यन झालं होतं, ब्रिटनचा मूड खचला होता, आणि ब्रिटिश गाड्यांची जगभर जाहिरात होईल असं काहीतरी हवं होतं. सिडनीचा ‘डेली टेलिग्राफ’ सोबतीला आला. पहिलं बक्षीस १०,००० पौंड. जाहिरातीसाठी काढलेली म्हणून ही खरी शर्यत नव्हे, असं एका ज्येष्ठ क्रीडा समीक्षकानं माझ्याशी वाद घालताना म्हटलं होतं. सायकलींची टूर द फ्रान्ससुद्धा वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणूनच सुरू झाली. तिला कुणी खोटी म्हणत नाही.

२४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून ९८ गाड्या सुटल्या. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, मग तुर्कस्तानात सिवास ते एर्झिंजान हा चिखलाचा टप्पा, तेहरान, काबूल, सरोबी, खैबर, लाहोर, दिल्ली. हिशोब अगदी साधा होता. ठरलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट उशीर म्हणजे एक दंडगुण, आणि शेवटी ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो पहिला. गाड्या कोणत्या? फोर्ड कॉर्टिना, हिलमन हंटर, ऑस्टिन १८००, सिट्रोएन डीएस, ऑस्ट्रेलियाच्या फाल्कन आणि मोनारो, रशियाच्या मॉस्कविच. खाली पत्रे ठोकलेले, जादा टाक्या आणि जादा दिवे लावलेले, तरी त्या मूळच्या घरगुती गाड्याच. हिलमन हंटर तर इराणमध्ये ‘पेकान’ या नावानं नुकतीच बनू लागली होती. मॉरिस ऑक्सफर्डची आपल्याकडे अँबॅसडर झाली, तसाच तो प्रकार. तेहरानच्या चौकात शर्यतीची गाडी आणि नवी कोरी कौटुंबिक गाडी एकाच रूपाच्या.

दिल्ली ते मुंबई टप्प्याला जवळजवळ २३ तास होते. कागदावर ते पुष्कळ आहेत, आणि आघाडीच्या गाड्यांचे गुण इथं फारसे गेलेही नाहीत. म्हणून तो सोपा ठरवणाऱ्यांनी १९६८ चा आग्रा रोड पाहिलेला नाही. एका पदरी डांबर, समोरून ट्रक आला की एक चाक मातीत उतरवायचं. सेंधव्याहून बिजासनचा घाट उतरला की तापीचा पूल, पुढं धुळं, लळिंगच्या किल्ल्याचा पायथा, मालेगाव, चांदवडजवळ राहूडचा घाट, आणि शेवटी शरीर पार थकलेलं असताना कसारा. दिवस कापसाचे. जिनिंगला निघालेल्या बैलगाड्यांची रांग रस्त्याच्या मधोमध, गाडीखाली कंदील असला तर नशीब. २३ तासांत रात्र यायचीच. लाताबंदमध्ये घाटाचा वळसा नकाशावर आधी दिसतो. वळणामागची बैलगाडी कुठल्याच नकाशावर नसते. लंडनहून निघून आठ दिवस अपुऱ्या झोपेवर गाडी हाकणाऱ्या माणसानं असला रस्ता बिनबोभाट पार करणं याला मी शर्यतीतलं उच्च दर्जाचं कसब मानतो. इथं गुण गेले नाहीत, कारण चालवणारे तितके चांगले होते.

माझे एक मामा तेव्हा धुळ्याला एस.टी.वर चालक होते. त्यांच्या तोंडून हे मी लहानपणी पुन्हापुन्हा ऐकलं आहे. मराठी वर्तमानपत्रातल्या बातमीमुळे लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना सकाळपासून उभे राहिले होते. शाळा सुटल्या होत्या. मामांना आठवत होता तो फाल्कनचा आवाज. आठ सिलिंडरचं इंजिन त्यांनी त्याआधी ऐकलं नव्हतं. पण त्यांचं कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं होतं. पंपावर थांबलेल्या एका गाडीखाली ते चक्क वाकून पाहून आले आणि म्हणाले, “पाटे आपल्यासारखेच हायेत की रं.” मला मोटारींचं वेड लागलं ते या वाक्यानं. साहेबाच्या गाडीचे पाटे आणि आपल्या गाडीचे पाटे एकाच जातीचे, तर मग ती सिडनीला पोचते आणि आपली लोह्याच्या पुढं का बसते, या प्रश्नाचा मी अजून पाठलाग करतो आहे.

मुंबईला ७२ गाड्या पोचल्या. पहिला होता कॉर्टिनावाला रॉजर क्लार्क. तिथून ‘चुसान’ या पी अँड ओ कंपनीच्या जहाजावर गाड्या चढल्या आणि ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरल्या. १४ डिसेंबरला पर्थहून पुन्हा सुरुवात, तीन दिवस-रात्रीत सिडनी.

क्लार्कचं पुढं जे झालं ते गॅरेजवाल्यांनी खास वाचावं. ऑस्ट्रेलियात त्याच्या इंजिनानं दगा दिला, तेव्हा त्याच्याच संघातल्या दुसऱ्या कॉर्टिनाचं हेड उतरवून याला चढवलं. गाडी पुन्हा वर आली. मग डोंगरात डिफरन्शियल गेलं. त्यांनी रस्त्याकडेला एक खासगी कॉर्टिना पाहिली, मालकाची मनधरणी केली, आणि तिचा मागचा एक्सल विकत घेऊन बसवला. क्लार्क दहावा आला. शर्यतीच्या गाडीला अनोळखी माणसाच्या रोजच्या गाडीचा एक्सल बसतो, हे आज कुठल्या शर्यतीत शक्य आहे? माझा सगळा मुद्दा या एका एक्सलवर उभा आहे.

आघाडी आता लुसियाँ बियांकीच्या सिट्रोएनकडे होती. सिडनी अगदी जवळ आली असताना, नौरा गावाआधी, समोरून आलेल्या एका मिनीवर ती आदळली. बियांकी जबर जखमी झाला. मागून पॅडी हॉपकर्क आला. त्याला जिंकायची संधी होती. तो थांबला आणि माणसं बाहेर काढायला लागला. जिंकला स्कॉटलंडचा शेतकरी अँड्र्यू कोवन, हिलमन हंटरवर, ५० दंडगुण. हॉपकर्क ५६. तिसरा इयन व्हॉन, फाल्कन जीटी, ६२. दहा हजार मैलांनंतर पहिल्या-दुसऱ्यात सहा मिनिटांचा फरक. संघाचं बक्षीस ऑस्ट्रेलियाच्या तीन फाल्कननी नेलं, आणि त्यांतली एक हाकत होता बाथर्स्टचा हॅरी फर्थ. ५६ गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. चारही मॉस्कविच पोचल्या. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण त्या मागे होत्या. मला चारपैकी चार हा आकडा विजेत्याइतकाच मोलाचा वाटतो. बियांकी बरा झाला आणि पुढच्याच मार्चमध्ये ले मान्सला सरावात मरण पावला.

१९७७ ला मॅरेथॉन पुन्हा झाली, पुन्हा मुंबईवरून, पुढं मद्रासमार्गे. कोवनच जिंकला, मर्सिडीजवर. गर्दी तेवढीच, गोडी निम्मी. केनियाची सफारी रॅली हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जोगिंदरसिंग तीनदा आणि शेखर मेहता पाचदा ती जिंकले एवढी नोंद करून पुढं जातो. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी १९८० मध्ये हिमालयन रॅली उभी केली आणि ते दशक तिनं गाजवलं. चेन्नईच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यतींवर पुष्कळांनी लिहिलं आहे, त्यात भर घालायची मला गरज वाटत नाही.

शोरूमच्या गाड्यांच्या शर्यतीची घसरण कुठून सुरू झाली? माझ्या मते १९७२ पासून. बाथर्स्टला विकायच्या गाड्याच पळवायच्या असल्यामुळे कंपन्या दर वर्षी अधिक दांडग्या गाड्या बाजारात आणू लागल्या. सिडनीच्या वर्तमानपत्रांनी ताशी १६० मैलांच्या गाड्या तरुणांच्या हाती जाणार म्हणून ओरड केली, सरकारं हलली, कंपन्यांनी ते नमुने मागे घेतले. १९७३ पासून नियम बदलले, गाडीत फेरफार करायला वाव मिळाला, शर्यत पाचशे मैलांची हजार किलोमीटरची झाली. १९७२ ला पीटर ब्रॉकनं एकट्यानं टोराना हाकून जिंकली, ती जुन्या नियमांतली शेवटची. ब्रॉक थोर होता, नऊ वेळा जिंकला. १९७९ ला सहा फेऱ्यांची आघाडी असताना शेवटच्या फेरीत त्यानं विक्रमी वेळ नोंदवली, ते आजही अंगावर काटा आणतं. पण त्या गाडीचा एक्सल तुमच्या गाडीला बसला नसता.

पुढचा प्रवास उताराचाच. २०१३ पासून सगळ्यांना एकच सांगाडा. फोर्डनं २०१६ ला आणि होल्डननं २०१७ ला ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं थांबवलं; २०२० ला होल्डन हे नावच पुसलं गेलं. २०२३ ला मस्टँग विरुद्ध कॅमेरो, आणि कॅमेरो तर तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या शोरूममध्ये मिळतही नव्हती. वर फायबरचा मुखवटा, आत तीच नळ्यांची चौकट. वेग वाढला आहे, अपघातात माणसं वाचतात, हे चांगलंच आहे. तरी ती शर्यत आता गाडीबद्दल काही सांगत नाही. याच डोंगरावर २०१६ पासून ईस्टरला साध्या उत्पादन-गाड्यांची सहा तासांची शर्यत होते. जाणकार तिला दुय्यम मानतात. माझा जीव तिच्यात आहे.

आपल्याकडे टूरिंग कारच्या शर्यती चेन्नई-कोइमतूरला होतात, पण त्या मोजक्या फेऱ्यांच्या. इंजिन तापायच्या आत झेंडा पडतो. टिकण्याचा प्रश्नच त्यात येत नाही. मराठवाड्याला टिकण्याचं महत्त्व कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतरचे कित्येक दिवस औसा रोडनं जीपा थांबल्याच नाहीत. लातूरच्या गॅरेजांत रात्रभर दिवे होते. मिस्त्री क्लच प्लेटी बदलत होते आणि कुणाकडून मजुरी घेत नव्हते. कुठली गाडी कामाची आणि कुठली दिखाऊ, याची त्या आठवड्यात जी यादी झाली ती आजही तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांना पाठ आहे.

इंदूरजवळ पीथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा चाचणी-रस्ता सुरू झाला. मॅरेथॉनच्या गाड्या ज्या आग्रा रोडनं गेल्या, त्याच्या अगदी जवळ. त्यावर वर्षातून एकदा चोवीस तासांची शर्यत घ्यावी, अशी मागणी मी संबंधितांकडे लेखी केली आहे. नियम मी सुचवले आहेत: गाडी शोरूममधून नंबर पडलेली हवी, किंमत मध्यमवर्गाला झेपणारी हवी. बॉनेटला सील. सुटे भाग फक्त तेच वापरायचे जे तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानात मिळतात. दुरुस्तीला लागलेला वेळ फेऱ्यांतून वजा करायचा नाही, आणि कुठला भाग कितव्या तासाला गेला याची यादी वर्तमानपत्रात छापायची. ही शेवटची अट कंपन्यांना आवडणार नाही असं मला कळवण्यात आलं. ती काढायला मी तयार नाही. त्या यादीसाठीच तर शर्यत. परवानगी मिळालीच तर मराठवाड्याचा संघ उतरेल. औसा रोडचे दोन मिस्त्री आणि नांदेडच्या हिंगोली गेटचा एक वायरमन यांच्याशी माझं बोलणं झालं आहे, तिघंही यायला तयार आहेत.