घोट्याशी येणारा डास

२०२५ च्या सुरुवातीच्या पावसानंतर झिम्बाब्वे, बोत्स्वाना आणि एस्वातिनीत मलेरिया कसा उसळला, हे बातम्यांतून आलंच आहे. बातम्यांत एक गोष्ट मात्र राहून गेली. तिकडे पाऊस नोव्हेंबर ते मार्च, त्यामुळे साथीचा चढ फेब्रुवारी ते मे असा लांबतो. बोत्स्वानात शिकारीचा हंगाम एप्रिलमध्ये उघडतो. म्हणजे पहिल्या महिन्यात जाणारा शिकारी ऐन साथीत पोचतो आणि त्याला वाटत असतं की, पाऊस संपला, आता डास कुठले?

‘कोरड्या दिवसांत जातोय’ हा दिलासा शिकारी एकमेकांना देत असतात. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात जून-जुलैच्या थंड रात्रींपुरतं त्यात तथ्य आहे, पण मोझांबिकमध्ये झाम्बेझीच्या मुखाकडच्या मारोमेऊ भागात नाही. तिथे हवा उबदार, पाणी भरपूर आणि मलेरिया बारा महिने. याच नदीच्या काठी शुपांगा इथे २७ एप्रिल १८६२ रोजी आफ्रिकेत फिरलेला शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याची पत्नी मेरी तापाने गेली. क्विनाइनची गोळी लिव्हिंगस्टनने स्वतः बनवली होती, तापावर तिचा उपयोगही होत असे, तरीही मेरी वाचली नाही. एप्रिलअखेर म्हणजे आज सफारी कंपन्या पाहुणे घ्यायला तयार होतात तेच दिवस.

बिबट्याच्या शिकारीत काय घडतं ते पाहा. झाडाला आमिष टांगलेलं असतं आणि काही अंतरावर गवत-फांद्यांचं लपण असतं. शिकारी आणि त्याचा वाटाड्या दिवस कलायच्या आधी आत जाऊन बसतात. मग खोकायचं नाही, हलायचं नाही, अंगावर बसलेला डास मारायचा नाही. वास जाईल म्हणून डास पळवणारं मलम लावलेलं नसतं. मलेरिया देणारी ॲनॉफिलिसची मादी अंधार पडू लागला की निघते आणि पहाटेपर्यंत चावत राहते. कानाशी फारशी गुणगुण नाही, चावल्याचं लक्षातही येत नाही. तिला याहून सोयीचा माणूस मिळणार नाही.

डास चावतो तरी कुठे? दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात मालाहलापांगा नावाची गरम झऱ्यांची पाणथळ जागा आहे. हत्ती आणि रानरेडे पाण्यावर येतात, चिखलात त्यांचे पाय खोल रुततात आणि त्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात ॲनॉफिलिस अरेबिएन्सिसच्या अळ्या वाढतात. ज्या जनावराच्या मागावर शिकारी निघतो, त्याच्याच पावलात हा डास जन्मतो. कीटकशास्त्रज्ञ लिओ ब्रॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्यावर बसलेल्या माणसांच्या अंगावर डास नेमके कुठे उतरतात याची मोजदाद केली. बहुतेक चावे गुडघ्याखाली होते, पावलांवर आणि घोट्यांवर. माणसाला आडवं करून पाय वर उचलायला लावले, तेव्हा डास जमिनीजवळ असलेल्या दुसऱ्या अवयवांकडे वळले. त्यांना पायाची ओढ नाही, ते जमिनीलगत उडत येतात आणि आधी जे भेटेल तिथे बसतात. क्रुगरमध्येच गोव्हेरे, ब्रॅक आणि मंडळींनी फक्त पावलांना आणि घोट्यांना डीट हे डास पळवणारं औषध लावून पाहिलं, तर एकूण चावे निम्म्याहून जास्त घटले.

माझ्या मते शिकाऱ्याच्या दृष्टीने या विषयातलं सगळ्यात कामाचं संशोधन हेच, आणि मुक्कामावर त्याचाच विसर पडतो. दिवसभर जाड बूट आणि लांब पँट घालून काटेरी झुडपांतून हिंडलेला माणूस संध्याकाळी अंघोळ करतो, अर्धी चड्डी आणि मोज्यांशिवाय चपला घालतो आणि शेकोटीपुढे पाय पसरून बसतो. पाय उघडे पडतात ते नेमके डासाच्या वेळेला. त्याऐवजी लांब पँट, ओढून वर घेतलेले मोजे आणि पावलांना डीट, एवढं तरी करावं. डीट प्लॅस्टिक आणि वॉर्निश विरघळवतं, म्हणून दुर्बिणीला, बंदुकीच्या दस्त्याला ते लागू देऊ नये. पिकारिडिन या डास पळवणाऱ्या दुसऱ्या औषधामुळे असं नुकसान होत नाही आणि त्याला वासही जवळपास नसतो. लपणात बसणाऱ्याला मी तेच सुचवीन, जोडीला परमेथ्रिन या कीटकनाशकात भिजवून वाळवलेले कपडे. वाळल्यावर त्यांना वास राहत नाही आणि गोचिडीही मरतात. झाम्बेझीच्या खोऱ्यात निळे कपडे मात्र नकोत. निळ्या रंगाकडे त्सेत्से माशी धावते.

गोळ्यांच्या बाबतीत आपल्याकडचा एक समज घातक आहे. क्रुगर, चोबे, व्हिक्टोरिया धबधबा इथे आता मराठी पर्यटकही जातात. घरचं कोणी तरी सांगतं, क्लोरोक्विन घेऊन जा. ती गोळी आपल्याकडच्या व्हायवॅक्स मलेरियाला चालते. तिकडचा मलेरिया बहुतांश फाल्सिपेरमचा, आणि त्याच्यावर तिथे क्लोरोक्विनचा भरवसा उरलेला नाही. ॲटोव्हॅक्वोन-प्रोग्वानिल आणि डॉक्सिसायक्लिन हे नेहमीचे पर्याय. दोन्ही निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून रोज घ्यायचे. फरक परतल्यावरचा. परजीवी आधी यकृतात सुमारे आठवडाभर वाढतो, मग रक्तात उतरतो. ॲटोव्हॅक्वोन-प्रोग्वानिल त्याला यकृतातच गाठतं, म्हणून घरी आल्यावर सात दिवस पुरतं. डॉक्सिसायक्लिन मुख्यतः रक्तात काम करतं, म्हणून चार आठवडे घ्यावं लागतं, आणि त्याने उन्हात कातडी भाजते, हे उघड्या माळावर विसरून चालत नाही. मेफ्लोक्विन आठवड्याला एकदा घ्यायचं, पण चक्कर आणि मनावरचे परिणाम पाहता ज्याच्या हातात भरलेली रायफल आहे, त्याला ते नको. कोणतं औषध घ्यायचं हे डॉक्टर ठरवतील. ते पुरं करणं मात्र आपल्याच हातात, आणि बहुतेक जण ते सामान उतरवल्यावर सोडून देतात.

ताप पहिल्या चाव्यानंतर सातव्या दिवसाच्या आधी सहसा येत नाही, आणि तीन महिन्यांनीही येऊ शकतो. तोपर्यंत माणूस घरी असतो, डॉक्टर डेंग्यू किंवा व्हायरल म्हणतात. अशा वेळी ‘मी आफ्रिकेत जाऊन आलो’ हे वाक्य पहिलं यायला हवं, आणि त्याच दिवशी रक्ताची तपासणी व्हायला हवी. पहिला अहवाल निगेटिव्ह आला तरी बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, तीनदा. पायावर काळी खपली असेल तर गोचीड चावून येणारा ताप म्हणून सोडून देतात. तो ताप तिकडे शिकाऱ्यांना खरोखरच वारंवार येतो, पण खपली असली म्हणून मलेरिया नाही, असं ठरत नाही.

मुक्कामाची चौकशी करताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा असं मला फार वाटतं. शिकाऱ्याचे दोन आठवडे जाळीत आणि गोळ्यांवर निघतात. माग काढणारे, कातडी सोलणारे, स्वयंपाकी हंगामभर नदीकाठी राहतात आणि रोज प्रतिबंधक गोळ्या खात नाहीत. त्यांच्या खोल्यांवर औषध लावलेल्या जाळ्या आहेत का, मुक्कामावर मलेरियाची झटपट चाचणी आणि उपचाराच्या गोळ्या आहेत का, कोणाला ताप आला तर त्याला दवाखान्यात न्यायला गाडी मिळते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावं. शेकोटीपाशी घोट्यांवर उतरणाऱ्या डासाने काही दिवसांपूर्वी ज्याच्याकडून परजीवी घेतलेला असतो, तो माणूस बहुधा त्याच खोल्यांत झोपतो.