छोट्या ट्रॅक्टरच्या मागे बकेट

द्राक्षाच्या, डाळिंबाच्या पट्ट्यात वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर आता घरोघरी दिसतो. ब्लोअरने फवारणी, दोन ओळींत रोटाव्हेटर, शेणखताची छोटी ट्रॉली अशी कामं तो वर्षभर करतो आणि डिझेलही बेताचं पितो. मग एखाद्या मे महिन्यात पाइपलाइनची चारी काढायची निघते. जेसीबीवाला ‘उद्या येतो’ म्हणत आठवडा घालवतो. मृग तोंडावर आलेला असतो आणि मालकाच्या मनात येतं, की आपल्याच ट्रॅक्टरला मागे खोदाईची बकेट बसवून घेतली तर?

प्रश्न रास्त आहे. त्यावर पहिली चौकशी मात्र बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून होते. ‘चोवीस एचपीला ती ओढेल का?’ असं विचारलं जातं. एचपी ही इथली अडचणच नाही. ट्रॅक्टरचं वजन किती, त्याची पाठ कशी बांधलेली आहे आणि बकेट त्या पाठीला कुठे जोडणार, हे आधी पाहायला हवं. इंजिनाचा नंबर त्यानंतर.

बॅकहो, म्हणजे माती स्वतःकडे ओढत खोदणारी ही मागची बकेट, जन्मली तीच मुळी एका लहान ट्रॅक्टरवर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हबर्डस्टन इथे वेनो होलोपायनेन आणि रॉय हँडी या दोघांनी 1947 साली ती तयार केली. दोघांच्या नावांवरून कंपनीचं नाव पडलं वेन-रॉय. एप्रिल 1948 मध्ये त्यांनी पूर्णपणे हायड्रोलिकवर चालणारा बॅकहो फोर्ड 8 एन ट्रॅक्टरवर चढवून कनेक्टिकटच्या वीज कंपनीला 705 डॉलरला विकला. हा 8 एन साधारण अकराशे किलोचा, ताकदीने आपल्याकडच्या आजच्या पंचवीस-तीस हॉर्सपॉवरच्या गटातला.

म्हणजे लहान ट्रॅक्टरवर बकेट चालते, हे पाऊणशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. पण नंतर काय घडलं तेही लक्षात घ्यायला हवं. 1953 मध्ये इंग्लंडात जेसीबीने आपला पहिला बॅकहो लोडर आणला. 1957 मध्ये अमेरिकेच्या केस कंपनीने ट्रॅक्टर, पुढचा लोडर आणि मागची बकेट असं एकत्र यंत्र कारखान्यातच बांधून दिलं. जोडून लावलेली बकेट मागे पडली आणि खोदाईसाठीच बांधलेलं जड यंत्र पुढे आलं. आपल्या गावात येणारा जेसीबी 3 डीएक्स साडेसात टनांच्या आसपास भरतो आणि पावणेपाच मीटर खोल जातो. हे सगळं वजन त्या यंत्रावर मुद्दाम ठेवलेलं आहे, कारण खोदणाऱ्या यंत्राला जमिनीवर ठाम बसावं लागतं.

आता थोडं गणित करू. बकेट ओढणाऱ्या सिलिंडरचा आतला व्यास सहा सेंटिमीटर धरा. पिस्टनचं क्षेत्रफळ झालं सुमारे 28 चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 150 किलो असेल, तर सिलिंडर सव्वाचार टनांनी ढकलतो. बूम आणि आर्म, म्हणजे बकेट धरणारे दोन लोखंडी हात, यांच्या लांबीत त्यातला बराचसा जोर जातो, तरी बकेटच्या दातांवर टनभर जोर उरला असं समजा. दुसरीकडे द्राक्षबागेत लोकप्रिय झालेला कुबोटाचा निओस्टार बी 2441 घ्या. 24 हॉर्सपॉवरच्या या ट्रॅक्टरचं वजन साडेसहाशे किलोच्या आतबाहेर आहे. बकेट मुरमात अडकली आणि चालवणाऱ्याने लिव्हर दाबून धरला, तर मुरूम हलण्याआधी ट्रॅक्टरच चारीकडे सरकू लागेल.

याच गणितात ताकदही मोजता येते. मिनिटाला 25 लिटर तेल 150 बार दाबाने फिरवायला साधारण साडेआठ हॉर्सपॉवर लागते. पंप आणि गिअरबॉक्समध्ये जाणारं धरलं तरी दहा-अकरा पुरते. अठरा हॉर्सपॉवरचं इंजिनही एवढं सहज देतं. विक्रेता ‘तुमच्या ट्रॅक्टरला आरामात चालेल’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. फक्त उत्तर इंजिनाबद्दलचं असतं.

खरा धोका ट्रॅक्टरच्या बांधणीत आहे. जीप किंवा ट्रकला खाली चासी असते, शेतीच्या ट्रॅक्टरला बहुधा नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा हे ओतीव लोखंडाचे तुकडे एकमेकांना बोल्टने आवळलेले असतात, आणि तीच ट्रॅक्टरची पाठ. 1917 च्या फोर्डसनपासून ही पद्धत जगभर रुळली. नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली यांच्या ओढीला ती उत्तम पुरते. पण ओतीव लोखंड दाब सोसतं, ताण आणि वाक सोसत नाही. मागे लांब बूम टांगून वर-खाली झटके दिले, की प्रत्येक झटका क्लच हाउसिंगच्या जोडाला वाकवू पाहतो. आधी बोल्ट सैल होतात, मग जोडाच्या कडेने तेल पाझरायला लागतं आणि एक दिवस बोल्टच्या भोकापासून केसासारखी चीर दिसते. ओतीव लोखंडाला भरवशाचं वेल्डिंग करणं अवघड असतं. हाउसिंग बदलायचं तर ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो.

म्हणून बकेट कशाला जोडणार, या प्रश्नावर सगळं ठरतं. एक मार्ग स्वस्त आणि मोहात पाडणारा आहे. मागच्या तीन पॉइंटच्या लिंकेजला, जिथे रोटाव्हेटर लावतो तिथेच, दोन पिना आणि टॉप लिंक अडकवून बकेट जोडायची. दुसऱ्या मार्गात ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागच्या धुऱ्यापासून पुढच्या लोडरच्या ब्रॅकेटपर्यंत जाणारी लोखंडी सबफ्रेम बसवतात. बकेटचा सगळा झटका त्या फ्रेमवर जातो, हाउसिंग त्यातून बरंचसं सुटतं. कुबोटाचा बीएक्स 23 एस जेमतेम बावीस हॉर्सपॉवरचा आहे आणि बकेटने सहा फुटांच्या किंचित पुढे खोदतो. तो हे करू शकतो, कारण त्याच्या खाली फ्रेम आहे आणि पुढे लोडरचं वजन आहे. तोच आकार, तीच ताकद. फरक फक्त बांधणीचा.

तीन पॉइंटवर बकेट लावू नये असं मी ठामपणे म्हणतो. हॅरी फर्ग्युसनने घडवलेलं आणि 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरने घराघरात नेलेलं हे लिंकेज नांगर ओढण्यासाठी आहे. बहुतेक ट्रॅक्टरवर त्याचे खालचे हात अवजार उचलतात, खाली दाबत मात्र नाहीत. अवजार आपल्या वजनाने खाली येतं. आता बूमने बकेट जमिनीत दाबली, तर जमीन उलट बाजूने तेवढ्याच जोराने बूम वर ढकलते. लिंकेजचे हात मोकळे असल्याने बकेटचा अख्खा सांगाडा उसळतो. बकेट आपल्याकडे ओढताना वरचा भाग पुढे, म्हणजे सीटच्या दिशेने, झुकू पाहतो आणि त्याला अडवायला असते ती एकटी टॉप लिंक. ती वाकली किंवा तिची पिन तुटली, तर बकेटचा सांगाडा आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये माणूस असतो. चार पैसे वाचवण्यासाठी हा धोका कुणीही पत्करू नये. घरच्या पोराला त्या सीटवर बसवायचं असेल तर अजिबात नाही.

सबफ्रेम मिळाली तरी पुढचा प्रश्न तेलाचा. छोट्या ट्रॅक्टरचा स्वतःचा पंप बहुतेक वेळा मिनिटाला वीसेक लिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी तेल देतो. त्यावर बकेट हलते, पण बूम आणि आर्म एकत्र चालवले की दोन्ही रेंगाळतात. म्हणून पीटीओवर, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, वेगळा पंप लावतात. पीटीओ फिरतो 540 आरपीएमने आणि गिअर पंपाला त्याहून बराच जास्त वेग लागतो, तेव्हा मध्ये वेग वाढवणारा छोटा गिअरबॉक्स येतो. तेलाची टाकी स्वतंत्र हवी आणि ती मोठी हवी. टाकी लहान असेल तर मे महिन्याच्या दुपारी तासाभरात तेल तापतं, पातळ होतं, पंपातून आतल्या आत गळतं आणि सकाळी जोरात चालणारी बकेट दुपारी मऊ पडते. होज पाइपला सुईएवढं भोक पडलं असेल तर ते हाताने चाचपून कधीही शोधू नये. त्या दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं, बाहेर जखम टिचभरही दिसत नाही आणि आतून बोट सडतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवला की धार कळते.

एवढं सगळं जमलं, तरी बागेत ही बकेट कुठे चालेल याचा विचार राहतोच. जेसीबी बागेत शिरत नाही, छोटा ट्रॅक्टर शिरतो, हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो आणि तो अर्धाच खरा आहे. द्राक्षाच्या आठ-नऊ फुटी ओळीत ट्रॅक्टर शिरेल. पण खोदायला बकेटच्या सांगाड्याचे दोन्ही बाजूचे लोखंडी पाय खाली टेकवावे लागतात. मागची चाकं किंचित उचलली जाऊन भार टायरवरून पायांवर यायला हवा, आणि ट्रॅक्टरची रुंदी साडेतीन फूट असली तरी पाय त्याच्या बाहेर पसरलेले हवेत, नाहीतर भरलेली बकेट बाजूला वळवताच ट्रॅक्टर कलंडायला बघतो. वर मांडवाच्या नाहीतर वाय आकाराच्या आधाराच्या तारा असतात. बूम उभा केला की तो तारांत जातो. माती टाकायची कुठे, तर वेलीच्या बुंध्यावर. चालू बागेत या बकेटचं काम अवघडच. नवी लागवड, डाळिंब-सीताफळाची मोकळी बाग, बांधाकडेची चारी, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह उघडा करणं, जुनं झाड मुळासकट काढणं, इथे तिची खरी जागा आहे.

डाळिंबाचा हिशेब करून पाहू. साडेचार बाय तीन मीटरवर लागवड केली तर एकरी सुमारे तीनशे खड्डे. प्रत्येक खड्डा दोन फुटी, म्हणजे 60 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. सगळी मिळून पासष्ट घनमीटर माती. लहान बकेटमध्ये एका वेळी तीस लिटर येते, तेव्हा एकरामागे बावीसशे बकेटा. मिनिटाला दोन धरल्या तर अठरा-एकोणीस तास, शिवाय प्रत्येक खड्ड्यावर पाय उचलणं, पुढे सरकणं, पुन्हा टेकवणं. दोन-तीन दिवसांचं काम. घरच्या यंत्राला ते झेपतं.

आता शेततळं घ्या. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं सगळ्यात मोठं माप होतं तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल. उतार धरून दोन हजार घनमीटरच्या आसपास माती निघते. त्याच बकेटने काढायला सहासष्ट हजारांहून जास्त बकेटा, साडेपाचशे तास, तेही वाटेत मुरूम किंवा कातळ लागला नाही असं धरून. जेसीबीच्या मागच्या बकेटमध्ये पाव घनमीटरहून जास्त माती मावते. शेततळ्याचं स्वप्न दाखवून छोटी बकेट विकणाऱ्याला हे गणित तिथल्या तिथे करून दाखवावं.

सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप गाडून निचरा करतात. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज इथल्या कृषी संशोधन केंद्राने या विषयावर काम केलेलं आहे. मीटर-सव्वामीटर खोलीच्या, उतार धरून काढलेल्या त्या चाऱ्या माप पाहता लहान बकेटच्या आवाक्यात आहेत. पण ओली काळी माती बकेटला चिकटते, झटकल्याशिवाय सुटत नाही आणि ते झटके पुन्हा पाठीवरच येतात. कोकणात जांभ्यावर तर हा विषयच काढू नये.

पैशांकडे येतो. जेसीबीचा तास गावागणिक वेगळा, पण आता हजाराच्या पुढेच. समजा बाराशे. जोडणी, सबफ्रेम, पंप, टाकी सगळं मिळून अडीच लाखांना पडलं असं धरू. तेवढ्यात जेसीबीचे दोनशे आठ तास मिळतात. जेसीबीचा एक तास म्हणजे छोट्या बकेटचे निदान पाच-सहा. दोनशे तासांचं खोदकाम कोणत्या शेतकऱ्याच्या रानात पुढच्या दहा वर्षांत निघणार आहे, हे ज्याने त्याने कागदावर मांडावं. माझा अंदाज आहे की वीस एकरांच्या आतल्या बहुतेकांचं उत्तर नाही असंच येईल. वर्षाला पंधरा-वीस तासांचंच काम असेल तर जेसीबी बोलवावा आणि मे महिन्यापर्यंत न थांबता जानेवारीतच बोलवावा. फक्त खड्डे पाडायचे असतील तर पीटीओवरचा ऑगर कितीतरी स्वस्त. ओल्या काळ्या मातीत मात्र त्याने खड्ड्याची भिंत गुळगुळीत होते, ती लावणीआधी कुदळीने खरवडावी लागते. आणि दोन-तीन टनांचा मिनी एक्सकॅव्हेटर भाड्याने मिळत असेल तर अरुंद जागेच्या कामाला त्याच्याशी छोट्या ट्रॅक्टरची बरोबरी होत नाही. शेतकरी गटाच्या अवजार बँकेने घ्यायचं झालं तर मी त्याच यंत्राचा आग्रह धरेन.

ज्यांच्याकडे काम खरंच वर्षभर आहे, म्हणजे रोपवाटिकावाले, ठिबकची कामं घेणारे, सलग नव्या बागा उभ्या करणारे, त्यांनी जरूर पुढे जावं. ट्रॅक्टर कंपनीकडून हमीबद्दल लेखी विचारून घ्यावं, कारण जोडणीमुळे हाउसिंग फुटलं तर ‘आमची जबाबदारी नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. ज्याच्याकडून बकेट घ्यायची त्याने याच मॉडेलला बसवलेले दोन ट्रॅक्टर दाखवायला हवेत, तेही हजार तास चाललेले. तिथे क्लच हाउसिंगचा जोड पुसून, बॅटरी लावून पाहावा. पिना-बुशांत खेळ किती आलाय ते बूम हाताने हलवून कळतं. मग बकेट दुमडून ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्यावा आणि फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यावीत. एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढे पडला पाहिजे, नाहीतर बांधाच्या चढावर स्टेअरिंग हातात राहणार नाही. कमी पडला तर पुढे वजनं वाढवायची आणि पुन्हा काट्यावर जायचं. आणि प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या आवारातल्या भुसभुशीत मातीत न घेता आपल्या रानात, जिथे मुरूम दोन फुटांवर लागतो तिथे, एप्रिलमध्ये, दुपारी तीन तास सलग घ्यावं.