गोलरक्षकाचे मौन

८ नोव्हेंबर २००९ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर ९६ आणि हॅम्बर्ग या फुटबॉल संघांमधील सामना २-२ असा बरोबरीत सुटला. हॅनोव्हरचा कर्णधार व गोलरक्षक रॉबर्ट एन्के त्या दिवशी नेहमीप्रमाणे गोलजाळ्यासमोर उभा होता. प्रेक्षकांना त्याच्यात वावगे असे काही दिसले नाही. दोनच दिवसांनी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, त्याने स्वतःचे जीवन संपवले.

त्याचा मृत्यू कसा झाला, हे मी मुद्दामच लिहीत नाही. प्रसिद्ध व्यक्तीच्या अशा मृत्यूचा साद्यंत तपशील छापला गेला की मागोमाग तशाच मृत्यूंची संख्या वाढते. एन्केनंतर जर्मनीतही संशोधकांना हेच आढळले. घरात मुलांसमोर अशा बातम्यांची चर्चा करतानाही हा संयम पाळावा, असे मला वाटते.

एन्केचा आजार अचानक उद्भवलेला नव्हता. २००२ साली तो बार्सिलोनासारख्या बलाढ्य संघात गेला. तेथील पहिल्याच महत्त्वाच्या सामन्यात नोव्हेल्डा नावाच्या खालच्या श्रेणीतील संघाने बार्सिलोनाला ३-२ असे हरवले आणि अपयशाचे खापर प्रामुख्याने या नवख्या गोलरक्षकावर फुटले. फुटबॉलमध्ये आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडल्या तरी अकराव्या संधीला त्याचे सारे माफ होते. गोलरक्षकाची एकच चूक मात्र धावफलकावर कायमची राहते. पुढच्या वर्षी तुर्कस्तानातील फेनरबाचे संघातून तो एका सामन्यानंतरच परतला. त्याच सुमारास त्याला तीव्र नैराश्याने ग्रासले आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. व्हॅलेंटिन मार्क्सर यांच्याकडे उपचार सुरू झाले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्या उपचारांनंतर तो सावरला. २००४ मध्ये हॅनोव्हरला आला, पुढे जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून आठ सामने खेळला, आणि २०१०च्या विश्वचषकासाठी त्याचे नाव आघाडीवर होते. मधल्या काळात, २००६ साली, जन्मजात हृदयदोष असलेली त्याची दोन वर्षांची मुलगी लारा दगावली. तो आघात सोसूनही तो खेळत राहिला. नैराश्य झालेला माणूस दुबळा असतो, असे मानणाऱ्यांनी एवढा क्रम नजरेसमोर आणावा.

२००९च्या उत्तरार्धात आजार उलटला. या वेळी मात्र त्याने तो निकराने लपवला. मैदानापासून दूर राहण्याचे कारण म्हणून आतड्यांतील जंतुसंसर्ग पुढे केला गेला. त्याने व पत्नी तेरेसा हिने त्याच वर्षी लैला ही मुलगी दत्तक घेतली होती. आजार उघड झाला तर ती आपल्याकडून काढून घेतली जाईल, ही भीती त्याच्या मनात होती. रुग्णालयात दाखल होण्यास तो तयार झाला नाही. आपण बरे होत आहोत असे भासवून डॉक्टरांनाही फसवल्याबद्दल त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत क्षमा मागितली होती.

मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी तेरेसा पत्रकारांसमोर बसली. प्रेमाच्या बळावर आपण सारे निभावून नेऊ असे वाटले होते, पण ते नेहमीच साधत नाही, अशा आशयाचे ती बोलली. कुटुंबवत्सल वाचकांनी यावर थोडे थांबावे. आपल्याकडेही घरचे जिवापाड जपतात, आणि त्याच जपण्यापोटी 'बाहेर कळता कामा नये' असेही ठरवतात.

खेळणाऱ्या मुलांना माझ्याकडे आणले जाते ते पोटदुखी, थकवा किंवा 'भूकच लागत नाही' अशा तक्रारींसाठी. 'डॉक्टर, निवड चाचणी तोंडावर आली आहे, याला ताकदीचे काहीतरी द्या,' असे आई म्हणते. पूर्वी मी टॉनिक लिहून मोकळा होत असे, हे कबूल करतो. आता आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसवतो आणि झोपेबद्दल विचारतो. पहाटे लवकर जाग येणे, आवडत्या खेळातही मन न रमणे, चिडचिड, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, हे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकले तर ती केवळ 'सामन्याची धास्ती' नव्हे. जगणे नको वाटते का, हेही मी सरळ विचारतो. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे. उलट बहुतेकांना हायसे वाटते.

औषधांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठवड्याभरात ती सोडू नयेत. उत्तेजक चाचणीची धास्ती अनेक पालकांना असते. नैराश्यावर नेहमी दिली जाणारी एसएसआरआय गटातील औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत नाहीत. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला तर प्रशिक्षक सहा महिन्यांची विश्रांती बिनतक्रार मान्य करतात. मनाच्या दुखण्यासाठी सहा आठवडे मागताना पालकांनी संकोचू नये.

२०१० साली जर्मन फुटबॉल महासंघ, तेथील लीग व हॅनोव्हर क्लब यांनी मिळून रॉबर्ट एन्के प्रतिष्ठान स्थापन केले. नैराश्य आणि बालकांचे हृदयविकार ही त्याची दोन कार्यक्षेत्रे, प्रमुख तेरेसा. आपल्याकडे केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध आहे. क्रमांक १४४१६, मराठीतूनही बोलता येते. फोन रुग्णानेच करायला हवा असे नाही, आई, वडील किंवा प्रशिक्षकही करू शकतात.