रिकामी चौकट आणि शून्य

पूर्वी इमारतीचे नकाशे कागदावर काढले जात आणि दारे, खिडक्या व खोल्या यांचे तक्ते हाताने तयार केले जात. आज हे काम बहुतांशी संगणकावर होते. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीची प्रतिकृती तयार केली जाते आणि तिच्यातील प्रत्येक खिडकीची रुंदी, उंची व संख्या एका तक्त्यात आपोआप येते. या तक्त्याला व्यवसायात 'शेड्यूल' म्हणतात. शेड्यूलमध्ये सूत्र लिहिले की क्षेत्रफळ, खर्च यांसारखे आकडे क्षणात मिळतात. परंतु तक्त्यातील एखादी चौकट भरायची राहिली असेल, तर सूत्राने काय करावे? प्रश्न किरकोळ वाटतो. त्याचे परिणाम मात्र तसे नसतात.

शून्य आणि रिकामी जागा यांत मूलभूत फरक आहे. शून्य ही एक संख्या आहे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात शून्याच्या गणिताचे नियम सांगितले. 'या खोलीला शून्य खिडक्या आहेत' असे म्हटले, तर कोणीतरी खोली पाहिली आणि तेथे खिडकी नाही, असा त्याचा अर्थ होतो. रिकामी चौकट असे काहीच सांगत नाही. माहिती अद्याप मिळालेली नसेल, लिहिणारा विसरला असेल, किंवा तो प्रश्न त्या वस्तूला लागूच होत नसेल. शून्य हे उत्तर आहे. रिकामी चौकट हे उत्तर नव्हे.

एक उदाहरण पाहू. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण व दमट हवामानाच्या प्रदेशात राहत्या खोलीला उजेड आणि वारा मिळावा, म्हणून दारे वगळून खिडक्या इत्यादींचे एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश असावे लागते. समजा, अशा प्रदेशातील एका खोलीचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर आहे. तिला किमान २ चौरस मीटर खिडक्या हव्यात. पहिली खिडकी १.२ मीटर रुंद व १.५ मीटर उंच आहे. तिचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. दुसरीची रुंदी ०.९ मीटर लिहिली आहे, पण उंचीची चौकट रिकामी आहे. सूत्राने रिकाम्या चौकटीला शून्य मानले, तर दुसऱ्या खिडकीचे क्षेत्रफळही शून्य होईल आणि खोली नियमात बसत नाही असे दिसेल. प्रत्यक्षात ती उंची १.२ मीटर असेल, तर एकूण क्षेत्रफळ २.८८ चौरस मीटर होते आणि खोली नियमात बसते.

याच्या उलट चूक अधिक घातक असते. आता खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाची चौकट रिकामी आहे असे समजू. ती शून्य मानली, तर आवश्यक खिडक्याही शून्य चौरस मीटर ठरतात. मग कितीही लहान खिडकी पुरेशी ठरते आणि खोली तपासणीत उत्तीर्ण होते. वास्तविक तिची तपासणी झालेलीच नसते. त्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत पुढे कोणाला तरी राहावे लागते.

सर्व आज्ञावली रिकाम्या चौकटीला एकाच रीतीने वागवत नाहीत. एक्सेलमध्ये दोन चौकटींची बेरीज करताना रिकामी चौकट शून्य धरली जाते. सरासरीच्या सूत्रात मात्र ती वगळली जाते. चार खोल्यांपैकी तिघींची उंची ३.०, ३.२ आणि ३.४ मीटर असेल व चौथी रिकामी असेल, तर सरासरी ३.२ मीटर येते. चौथ्या चौकटीत शून्य लिहिले, तर तीच सरासरी २.४ मीटर होते. माहितीसाठ्यांच्या एसक्यूएल या भाषेत अज्ञात मूल्यासाठी 'नल' ही खूण असते आणि तिच्यात कोणतीही संख्या मिळवली तरी उत्तर 'नल'च राहते. जे ठाऊक नाही त्यात काहीही मिळवले, तरी बेरीज ठाऊक होत नाही, हा त्यामागील विचार आहे.

म्हणून सूत्र लिहिण्यापूर्वी रिकाम्या चौकटीचा अर्थ ठरवावा लागतो. त्यानंतर सूत्राच्या आरंभी 'जर' ची अट घालावी: क्षेत्रफळ भरले नसेल, तर 'तपासणी बाकी' असे दाखवावे, भरले असेल, तरच पुढील गणित करावे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये संख्येच्या रकान्यात शब्द चालत नाहीत, तेथे 'माहिती पूर्ण आहे काय?' असा 'होय' किंवा 'नाही' उत्तराचा वेगळा रकाना ठेवता येतो. रेव्हिटच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'मूल्य आहे' किंवा 'मूल्य नाही' या अटीने ओळी निवडता येतात. त्यामुळे अपुऱ्या नोंदी एकत्र पाहून त्या पूर्ण करता येतात.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. चूक दिसू नये म्हणून काही जण सूत्राच्या उत्तरात रिकामा मजकूर ठेवतात. अशी चौकट डोळ्यांना रिकामी दिसते, पण एक्सेल तिला रिकामी मानत नाही, आणि ती अधिक चिन्हाने दुसऱ्या संख्येत मिळवली तर चूक दर्शविणारी खूण येते. तक्ता नीटनेटका दिसणे आणि तो खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इमारतीच्या तक्त्यावरून काच मागवली जाते, खर्च ठरतो आणि परवानगीसाठी आकडे दिले जातात. या प्रत्येक ठिकाणी वाचणाऱ्याला आकड्याइतकीच, कोणता आकडा अजून मिळालेला नाही याचीही माहिती हवी असते. ती स्पष्ट दाखविणारे सूत्रच विश्वासाला पात्र ठरते.